कडेआईची जागा

देवाला हलवायचं ठरलं की आधी पुजाऱ्याला गाठतात. राधाकृष्ण शेठनंही तेच केलं. सकाळी नवाच्या सुमाराला त्याची पांढरी गाडी झुंबरबाईच्या दारात थांबली. वीस वर्षांत हा खाणमालक कामावरच्या कुणाच्या ओट्यावर टेकला नव्हता. आज तो सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसला, वर चहाही मागितला. बरोबर त्याचा भाचा ओम होता. ओमच्या हातात पिशवी, आणि पिशवीत हिरवं जरीकाठी लुगडं. फुकटचं लुगडं पुढं आलं की मागून काय येतं, हे साठीच्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही.

"मावशी, कडेआईला चांगली जागा बघितलीय," शेठ म्हणाला. "हापिसाशेजारी. वर पत्रा, खाली फरशी, समोर लाईट. आई उन्हातान्हात बसती, माझ्या जिवाला बरं वाटत न्हाई."

चौदा वर्षं आई त्याच उन्हात बसली होती. तेव्हा याच्या जिवाला काही झालं नव्हतं.

आता ही खाण म्हणजे काय, तर पाथर्डी रस्त्याच्या अंगाला, खडकवस्तीच्या माळावर पडलेला एक भला मोठा खड्डा. वीस वर्षं त्यातून काळा दगड निघाला, क्रशरमध्ये भरडला आणि खडी होऊन तालुक्याच्या रस्त्यांवर पसरला. आता तळाला पाणी लागलं होतं. हिरवं, वर डिझेलचा तवंग, त्यावर गुटख्याच्या पुड्या आणि एक फुगलेलं कुत्रं. आणखी खाली खोदायची सोय उरली नव्हती. उरल्या होत्या फक्त कडा. कायद्यानं म्हणा, भीतीनं म्हणा, चहूबाजूंनी न तोडता सोडलेला दगडाचा पट्टा. त्यातल्या तीन बाजू या वर्षात खाऊन झाल्या होत्या. उगवतीची तेवढी राहिली, कारण तिच्यावर कडेआई बसली होती.

"मी चंद्रपूरला होतो ना, मावशी," ओम म्हणाला, "तिकडं कोळशाच्या खाणीत कडेचा कोळसासुद्धा सोडत नाहीत. खड्डा संपला की कडेच्या पोटात मशीन घालतात आणि राहिलेला माल ओढून काढतात. आपण इथं एवढा माल नुसता उभा ठेवलाय."

"तिथं आत मानूस जातो का?"

"नाही नाही. नुसतं मशीन जातं. माणूस लांब बसतो."

"आन् हितं?"

"हितं आपला संदीप हाय की," शेठ म्हणाला आणि हसला. त्याच्या दातांत तंबाखू अडकली होती.

संदीप म्हणजे झुंबरबाईचा एकुलता एक मुलगा. सुरुंगाची भोकं मारायचं काम त्याचं. कडेच्या पायथ्याला उभं राहून, डोक्यावर तीन पुरुष उंचीचा खडक घेऊन, तोच मशीन धरणार होता. लुगड्याची पिशवी ओट्यावर ठेवून मामा-भाचे निघून गेले. झुंबरबाईनं ती पिशवी काठीनं बाजूला सारली. हात लावायची तिला शिसारी आली.

कारण कडेआई देव नव्हती. हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक सहा वर्षांमागं छातीत खाणीची धूळ भरून मेला होता.

तो तिचा नवरा, कचरू. खाण होती म्हणून त्याला कधी कोयता घेऊन ऊसतोडीला जावं लागलं नाही, त्यामुळं खाणीवर त्याचा जीव. दगडावर हातोडा मारायचा, कान लावायचा आणि आत काय आहे ते सांगायचा. उगवतीच्या कडेला आवाज भद्द आला. त्यानं पायथ्याला उकरून बघितलं, तर काळ्या खडकाखाली वीतभर गेरूचा पट्टा, आणि तो ओला. पलीकडं पाझर तलाव आहे, त्याचं पाणी तिथून झिरपत होतं. घरी येऊन तो म्हणाला होता, "झुंबरे, गेरू भिजला की साबन हुतो. वरचा खडक त्याच्यावर नुसता बसलाय. खाली खोदलं की समदा घसरून यील."

त्यानं कडेवरच्या एका दगडावर छिन्नीनं फुली मारली, तिच्यात लाल ऑइलपेंट भरला आणि सगळ्यांना सांगितलं, हितून फुडं तोडायचं न्हाई. ऐकलं कुणी? पोरं त्या फुलीवर मुतायला लागली. पंधरा दिवसांत पोकलेनवाल्यानं तिथंच दात लावला, दगड ढासळला आणि दोघंजण थोडक्यात वाचले. मुकादमाला सांगून झालं, शेठला सांगून झालं. शेठ म्हणाला, बघू. तेव्हा कचरू पाथर्डीच्या बाजारात गेला आणि शेंदराची पुडी, तेलाची बाटली आणि पत्र्याचे दोन डोळे घेऊन आला. भल्या पहाटे त्यानं त्या फुलीच्या दगडाला शेंदूर फासला आणि डोळे चिकटवले. दुसऱ्या दिवशी तिथून जाताना पोकलेनवाल्यानं चपला काढल्या. हे सांगताना कचरू खोकला येईपर्यंत हसला होता.

तेव्हा झुंबरबाईही हसली होती. पुढं हसू आटलं. देव खरा वाटावा म्हणून पहिली पणती तिनंच लावली. मग मंगळवारी बाया यायला लागल्या, शुक्रवारी ओटी भरायला लागल्या. कुणीतरी कडेआई असं नाव ठेवलं. आली आहे कुठून, तर म्हणे तलावातून आली. कुणाला मूल झालं, कुणाची म्हैस सापडली, सगळं कडेआईनं केलं. शेजारची लंकाबाई दर शुक्रवारी केस सोडून घुमायची, आणि दिवसभर नवऱ्याचा मार खाणाऱ्या त्याच बाईच्या पायावर तिचा नवरा तेवढा वेळ डोकं ठेवायचा. झुंबरबाई ते बघायची आणि तोंड फिरवायची. पण नारळ तिनं खाल्ले. खण तिनं शिवले. घराला पत्रे आले त्यात कडेआईचा हात होता, हे नाकारायला तोंड नव्हतं. तेलाचे थर चढून चढून दगड बसक्या म्हशीएवढा झाला. त्यावर माश्या, मुंग्या, आंबलेलं खोबरं. रोज सकाळी ते पुसताना तिला मळमळायचं, आणि तरीही ती रोज पुसायची.

दुपारी संदीप जेवायला आला. सून रेश्मा भाकरी थापत होती. झुंबरबाईनं आडपडदा ठेवला नाही. फुली, गेरू, शेंदराची पुडी, सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर संदीपनं कालवणात भाकरी कुस्करली.

"दादा खोटं करनार न्हाई," तो म्हणाला. बापाला तो दादा म्हणायचा.

"त्यानं तुमचे जीव वाचवायला केलं."

"मग शेवटच्या वर्साला दादा स्वतः तिथं जाऊन हात का जोडायचा? मी त्याला धरून न्यायचो, आये. मला ठावं हाय. डोळ्यात पानी यायचं त्याच्या."

ते झुंबरबाईनंही बघितलं होतं. स्वतः आणलेला शेंदूर, स्वतः चिकटवलेले डोळे, आणि शेवटी दम लागला तेव्हा हा माणूस त्याच दगडापुढं पसरला. तेव्हा ती त्याच्यावर इतकी चिडली होती की दोन दिवस बोलली नाही.

"आरं, मरनाला भ्याला हुता तो. मानूस भ्याला की कशालाबी हात जोडतो."

"आन् माझ्या पायावर दगडाची चाप पडली, पाय कापायचा म्हनले हुते डॉक्टर, तवा कुनी वाचवला?"

"त्याच डॉक्टरनं. भिंगारला नेऊन ऑपरेशन केलं त्यानं."

संदीपनं ताट सारलं. "तू बारा-चौदा वर्सं तिचं खाल्लं आये, आता तिलाच दगड म्हनती. शेठ म्हनतो ते खरं हाय. देऊळ हापिसाजवळ गेलं की वटी-नारळ तिकडं जाईल, म्हनून तुझा जीव खालीवर हुतोय."

रेश्मानं मान वर केली नाही. भाकरी तव्यावर करपली, तरी तिनं ती उलटली नाही. झुंबरबाईला वाटलं, आपल्या पोटचा मुलगा आपल्याविषयी एवढंच जाणतो.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात गेली. शेठ, ओम, मुकादम, सगळे होते. तिनं सगळ्यांदेखत सांगितलं की तो देव नाही, धोक्याचा दगड आहे, आणि खाली गेरू ओला आहे. मुकादम खाली बघून हसला. शेठनं शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग म्हणाला,

"मावशी, देव आसंल तर आमी त्याला पूजा करून, मानानं हलवतोय. देव नसंल, नुसता दगड आसंल, तर मग हलवायला आडचन कसली? दोन्हीकडून वाट मोकळीच हाय की."

"आन् गेरू?"

"गेरू बघायला ओम हाय. शिकल्याला हाय तो."

ओमनं मोबाईलमधून डोकं वर काढलं. "पायथ्याला जाऊन बघितलं मावशी. ओल आहे, पण पावसाचं पाणी आहे ते."

पाऊस होऊन पाच महिने झाले होते.

परत येताना तिला हे नीट उमगलं, आणि कचरूची अशी काही चीड आली की तो समोर असता तर तिनं त्याला चपलेनं मारलं असतं. नुसती फुली होती तोवर ती फुली होती. आज ना उद्या शिकलेला, इमानी कुणी आला असता, त्यानं विचारलं असतं, ही फुली कशासाठी? फुलीला हलवून भागत नाही. ती जागेची असते. यानं तिचा देव केला. देवाला भटजी बोलवता येतो, वाजंत्री लावता येते, पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन बसवता येतं. आणि देव उठून गेला की मागं राहिलेली जागा मोकळी.

मंगळवारी कडेआईला हलवायचं ठरलं. सकाळपासून माळावर मंडप, भोंगा आणि आचारी. भात, आमटी आणि बुंदीची मोठमोठी पातेली. अख्खी खडकवस्ती लोटली होती. ज्यांची घरं त्या कडेपासून हाकेच्या अंतरावर होती तेही आले होते आणि बुंदी कशी झालीय ते चाखत होते. भटजीनं मंत्र म्हटले. शेठनं सपत्नीक पूजा केली, रेशमी सोवळं नेसून, अन् सोवळ्याखाली बूट. मग पोकलेनला हार घातला, दाताला कुंकू लावलं आणि आईला उचललं. दगड निघाला तेव्हा चौदा वर्षांचा शेंदूर ढलप्यांनी फुटला. आतून काळं, आंबूस, किडे पडलेलं काहीतरी बाहेर आलं. बायांनी ते ढलपे प्रसाद म्हणून पदरात बांधले. झुंबरबाईनं पदर नाकाला लावला.

ती दगड उपटलेल्या खड्ड्यापाशी गेली. तळाला बोटभर भेग पडली होती, कडेला समांतर, दोन्हीकडं लांब गेलेली. चौदा वर्षांपूर्वी ती नव्हती. तिनं त्यात काठी घातली, काठी हातभर आत गेली आणि टोकाला लाल चिखल लागून आली. तिनं ती काठी तशीच संदीपला दाखवली. तो मशीन खांद्यावर घेऊन खाली उतरायच्या बेतात होता. कॉम्प्रेसर चालू झाला होता. मुहूर्ताचं पहिलं भोक आजच मारायचं होतं, जेवणावळ उठायच्या आत.

"हे बघ. हे काय हाय?"

"शेंदूर हाय आये," संदीप म्हणाला. त्याला खरंच तसं दिसत होतं. "बाजूला हो. लोकं बघाय लागलेत."

तिनं त्याचा हात धरला. त्यानं तो सोडवला, जोरात नाही, पण सोडवला. आणि तो उताराला लागला.

झुंबरबाईनं आजूबाजूला बघितलं. शेठ पानाचा विडा लावत होता. मुकादम बुंदी खात होता. लंकाबाई ढलप्यांची पुरचुंडी कमरेला खोचत होती. यातल्या एकालाही खरं सांगून उपयोग नव्हता. खरं तीन दिवस सांगून झालं होतं. या लोकांना एकच भाषा कळत होती आणि ती तिला चांगली येत होती. चौदा वर्षं दर शुक्रवारी तिनं ती समोर बसून ऐकली होती.

तिनं अंबाड्याची पिन काढली.

केस मोकळे झाले तेव्हा तिला आपल्याच तेलाचा वास आला. ती त्या खड्ड्यात मांडी ठोकून बसली, नेमकी दगडाच्या जागेवर, आणि घुमायला लागली. आधी सावकाश, मग जोरात. घशातून आवाज काढताना लाजेनं तिचे कान तापले. पहिल्यांदा लंकाबाईनं बघितलं. तिनं हातातलं टाकलं आणि ओरडली, झुंबरबाईच्या अंगात आलं. भोंगा बंद झाला. वाढपी वाढायचे थांबले. खाली कॉम्प्रेसर कुणीतरी बंद केला.

"मला कुनी उठवलं?" झुंबरबाई म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही, आणि त्याचीच तिला जास्त किळस आली.

भटजी मागं सरकला. शेठ पुढं आला, सोवळं सावरत, तोंडातला विडा गिळून. हाच माणूस परवा म्हणाला होता, दोन्हीकडून वाट मोकळी. आता त्याच्या कपाळावर घाम होता.

"आई, तुला चांगली जागा दिली…"

"मी जागा मागितली व्हती का? माझी जागा हीच. हितून हालनार न्हाई. ह्या कडेला जो लोखंड लावंल त्याचा वंश बुडवीन."

"चुकलं, आई."

"मला आत्ताच्या आत्ता परत आन."

आणि आणलं, बरं का. ज्या पोकलेननं वाजतगाजत नेलं त्याच पोकलेननं तासाभराच्या आत परत आणलं आणि ती बाजूला सरकल्यावर त्याच खड्ड्यात बसवलं. ओमनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर शेठनं त्याला सगळ्यांदेखत मुस्काटात मारली. उगवतीची कड सोडली, सोडली, असं त्यानं तीनदा सांगितलं, कान धरून. नवीन पत्रा इथंच आणून घालतो म्हणाला. गेरू, पाणी, भेग, फुली, कशाचंही नाव घ्यावं लागलं नाही. इतकं सोपं होतं. हे इतकं सोपं असावं याचाच तिला वीट आला. तिनं एकदा मुद्दाम डोळे किलकिले करून बघितलं, कुणीतरी हसत असेल, कुणालातरी हे ढोंग कळलं असेल. एकही माणूस हसत नव्हता. लंकाबाई टक लावून बघत होती. आपण घुमतो तेव्हा असंच दिसतं का, हे ती बघत असावी.

लोक रांगेनं पाया पडायला लागले. कुणी मुलगा मागितला, कुणी बोअरला पाणी मागितलं. ती हातानं आशीर्वाद देत होती, तोंडानं हुंकारत होती, आणि आत एकच हिशोब चालला होता की आता किती वेळ घुमलं म्हणजे थांबता येईल. तेवढ्यात पायावर एक डोकं आलं. केसांत दगडाची पांढरी भुकटी. कानामागं लहानपणीची खोक, चुलीच्या दगडावर पडला होता तेव्हाची.

संदीप रडत होता. बाप गेला तेव्हाही तो असा रडला नव्हता.

"आई," तो हलक्या आवाजात म्हणाला, कुणाला ऐकू जाऊ नये असं, "माझी माय आडानी हाय. ती तुला दगड म्हनली. माझ्यापाशी म्हनली, हापिसात जाऊन म्हनली. पोटासाठी खोटं बोलली ती. म्हातारी झालीय, समजत न्हाई तिला. तिच्या वाट्याचं काय आसंल ते मला दे. पर तिला पदरात घे."

झुंबरबाईचं घुमणं क्षणभर चुकलं. तिचा हात त्याच्या डोक्याकडं गेला तो आईचा हात होता. मधेच तिला तो आवरावा लागला आणि बोटं ताठ करावी लागली. सगळी वस्ती हात जोडून बघत होती. मागं पोकलेन उभं होतं, त्याच्या दातावर कुंकू होतं आणि खाली कॉम्प्रेसर पुन्हा चालू करायला फक्त एका माणसाची गरज होती.

"घेतलं पदरात," ती म्हणाली.

रिवाजाप्रमाणे तिनं अंगठ्यानं दगडावरचा शेंदूर खरवडला आणि त्याच्या कपाळाला लावला. मग मान खाली घालून ती पुन्हा घुमायला लागली, कारण थांबली असती तर त्याच्या तोंडाकडं बघावं लागलं असतं.